तांबडी पेन्सिल आणि दोन कोरे चौकोन

१९२२ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस इराणी आखाताच्या अरबी किनाऱ्यावर उकैर या ठिकाणी तंबूंची एक वसाहत उभी राहिली. उकैर हे नावाचेच बंदर. एक जुना किल्ला, एक मालाचे कोठार आणि सभोवार वाळू, एवढाच त्याचा पसारा. नजदचा सुलतान अब्दुल अझीझ इब्न सौद आपल्या लवाजम्यासह तेथे आला होता. इराकमधील ब्रिटिश उच्चायुक्त सर पर्सी कॉक्स त्याला भेटण्यासाठी मुद्दाम आला होता. इराकच्या राजा फैसलतर्फे त्याचा मंत्री सबीह बेग हजर होता. कुवेतचा शेख अहमद अल्-जाबिर मात्र तेथे नव्हता. त्याच्या वतीने कुवेतमधील ब्रिटिश राजकीय प्रतिनिधी मेजर मोर हा बसला होता. याखेरीज अरब जगाचा प्रवास करणारा लेखक अमीन रिहानी आणि अल्-हसातील तेलाचा मक्ता मिळावा म्हणून सुलतानाभोवती घिरट्या घालणारा न्यूझीलंडचा फ्रँक होम्स, हे दोघेही त्या तंबूंतून वावरत होते.

प्रश्न ऐकायला साधा होता. नजद, इराक आणि कुवेत यांची हद्द कोठे संपते? पाच-सहा दिवस काथ्याकूट झाला. सबीह बेग इराकची हद्द पार रियाधच्या वेशीपर्यंत नेऊन भिडवत होता, तर इब्न सौद उत्तरेस युफ्रेटिसच्या काठापर्यंत आपली सत्ता सांगत होता. दोघांपैकी कोणीही माघार घेईना. अखेर कॉक्सचा संयम सुटला. त्याने सुलतानाला एकांतात बोलावून एखाद्या शाळकरी पोराची कानउघाडणी करावी तसे सुनावले, आणि नंतर सर्वांसमक्ष तांबडी पेन्सिल घेऊन नकाशावर आखातापासून थेट ट्रान्सजॉर्डनच्या दिशेने एक रेषा ओढली. ही हकीकत सांगितली आहे ती त्या वेळी कॉक्सच्या सोबत असलेल्या हॅरल्ड डिक्सन या अधिकाऱ्याने. २ डिसेंबर रोजी करारावर सह्या झाल्या.

डिक्सनचे पुस्तक १९५६ साली, म्हणजे घटनेनंतर चौतीस वर्षांनी प्रसिद्ध झाले. त्यामुळे त्यातील प्रत्येक उद्गार शब्दशः खरा मानण्याचे कारण नाही. तरीही तांबड्या पेन्सिलीची ही गोष्ट अरब राष्ट्रांच्या सरहद्दींविषयीच्या प्रत्येक लेखनात हटकून येते. साम्राज्यसत्तेच्या उद्दामपणाचा नमुना म्हणून ती उत्तमच आहे. पण त्या नकाशावर आणखीही एक गोष्ट घडली होती आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रेषा ओढताना दोन ठिकाणी जागा कोरी सोडण्यात आली. एक नजद आणि इराक यांच्या मध्ये, जवळजवळ समभुज आकाराची. दुसरी नजद आणि कुवेत यांच्या मध्ये, समुद्राला टेकलेली. या दोन्ही तुकड्यांना ‘तटस्थ प्रदेश’ असे नाव मिळाले. पुढील पिढ्यांतील नकाशे काढणाऱ्यांना ते एक विचित्र गाठोडे वाटले आणि शाळकरी मुलांना भूगोलाच्या पुस्तकातील एक गंमत. वस्तुतः उकैरच्या त्या सहा दिवसांत जे काही झाले त्यातील सर्वांत समंजस काम तेच होते, असे म्हणायला भरपूर जागा आहे.

यासाठी वाळवंटात ‘हद्द’ या शब्दाला काय अर्थ होता हे आधी पाहिले पाहिजे. शेतीप्रधान देशात जमीन हीच संपत्ती असते, म्हणून बांध, शिवार, वेस हे शब्द आपसूक येतात. गावकामगार पाटलापासून जमाबंदी आयुक्तापर्यंत सर्वांचे काम जमिनीच्या मोजणीवर चालते. अरबस्तानच्या आतल्या भागात जमीन मोजून कोणाला काहीच मिळण्यासारखे नव्हते. पाऊस एका वर्षी येथे पडतो, दुसऱ्या वर्षी तेथून दोनशे मैलांवर. जेथे तो पडेल तेथे चारा उगवतो आणि उंटांचे कळप घेऊन टोळी तिकडे वळते. उन्हाळा आला की तीच टोळी आपल्या ठरलेल्या विहिरींवर परतते. अशा संचाराच्या टापूला अरबीत ‘दीरा’ म्हणतात. एका टोळीचा दीरा दुसरीच्या दीऱ्यात शिरलेला असे, आणि कोणाची विहीर कोणी कोणत्या ऋतूत वापरायची याचे संकेत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असत. ते मोडले तर रक्त सांडे. मुलूख कोणाचा हा प्रश्न या लोकांना कधी पडला नव्हता. टोळी कोणाची, एवढेच विचारले जात असे.

आणि टोळी कोणाची हे कशावरून ठरे? तर ती जकात कोणाला देते यावरून. मराठी वाचकाला जकात म्हटले की शहराच्या वेशीवरचा नाका आणि तेथे अडवलेल्या मालमोटारींची रांग आठवते. शब्द तोच, अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. पण मूळच्या ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा. जकात हे धर्माने सांगितलेले देणे. उन्हाळ्यात टोळ्या विहिरींवर गोळा झाल्या की राज्यकर्त्याची माणसे तेथे जाऊन उंट-बकऱ्यांच्या संख्येप्रमाणे ते वसूल करीत. ज्याला जकात पोहोचते तो आपला अधिपती. त्याने आपले रक्षण करावे आणि भांडणात न्याय द्यावा, अशी अपेक्षा. तो दुबळा झाला की टोळी दुसऱ्याला जकात देऊ लागे आणि कोणतीही लढाई न होता, एकही मैल जमीन न हलता, राज्याची सीमा हलत असे. राज्यकर्त्याची सत्ता ही अशी भरती-ओहोटीप्रमाणे कमीजास्त होणारी होती.

कुवेतच्या बाबतीत ही ओहोटी ठळकपणे दिसते. १९१३ साली ब्रिटन आणि तुर्कस्तान यांच्यात एक करार झाला. त्यात कुवेत शहर मध्यबिंदू धरून चाळीस मैल त्रिज्येचा एक प्रदेश तांबड्या रेषेने आखला होता. त्याबाहेर, ज्या टोळ्या कुवेतच्या शेखाच्या मानल्या जात त्यांचा मोठा टापू हिरव्या रेषेने. याच करारात दक्षिणेकडे तुर्की मुलखाची हद्द दाखविणारी एक निळी रेषाही होती. गंमत अशी की हा करार जुलै महिन्यात झाला आणि ज्या अल्-हसा प्रांताच्या हद्दीबद्दल तुर्क बोलत होते तो प्रांत त्यापूर्वी दोनच महिने इब्न सौदने त्यांच्या हातून हिसकावून घेतला होता. पुढे महायुद्ध सुरू झाले आणि या कराराला अंतिम मान्यता कधी मिळालीच नाही. पण कागद शिल्लक राहिला, आणि शिल्लक राहिलेला कागद पुढे कधी वर येईल याचा नेम नसतो.

१९२० साली इब्न सौदचे कट्टर अनुयायी असलेल्या इख्वान योद्ध्यांनी कुवेतनजीक जहरा येथे चाल केली. त्याच वर्षी कुवेतच्या लोकांनी अवघ्या काही महिन्यांत शहराभोवती मातीचा तट उभा केला. इब्न सौदचे म्हणणे असे की कुवेतच्या शेखाची सत्ता या तटाच्या आतच आहे, बाहेरच्या सर्व टोळ्या माझ्या. १९२१ च्या फेब्रुवारीत कुवेतचा शेख सालिम वारला. त्या वेळी त्याचा पुतण्या अहमद हा इब्न सौदकडे बोलणी करण्यासाठी गेलेला होता. आता तूच गादीवर बसणार, तेव्हा आपल्या दोघांत हद्दीची गरजच काय, असे त्या वेळी इब्न सौद म्हणाल्याचे सांगितले जाते. हा उद्गार मुत्सद्देगिरीचा असेल. तरी त्यामागील कल्पना अस्सल अरबी होती. भांडण माणसाशी होते, माणूस गेला, भांडण संपले.

मग रेषेची निकड कोणाला होती? मुख्यतः ब्रिटिशांना. महायुद्धानंतर इराक त्यांच्या ताब्यात आला होता आणि तेथे नव्याने बसविलेल्या राजा फैसलच्या राज्याला निश्चित आकार देणे भाग होते. फैसलच्या घराण्याचे आणि इब्न सौदचे हाडवैर होते. दोघेही ब्रिटिशांकडून पैसा घेत होते. त्यांच्या टोळ्यांनी एकमेकांवर धाडी घालाव्या आणि दोहोंचे समाधान लंडनने करावे, हा व्यवहार परवडणारा नव्हता. १९२२ च्या मे महिन्यात मुहम्मरा येथे एक करार झाला होता. त्यात टोळ्यांची वाटणी केली होती; अमुक टोळी इराकची, तमुक नजदची, आणि त्यांच्या विहिरी त्यांच्यामागोमाग. इब्न सौदने त्याला मान्यता दिली नाही. म्हणून उकैर.

या सर्व व्यवहाराचा धागा मुंबईपर्यंत येतो, हे येथे सांगायला हवे. आखातातील ब्रिटिश रेसिडेंटची कचेरी इराणमधील बुशायर येथे होती आणि १८७३ पर्यंत ती मुंबई सरकारच्या हाताखाली होती. त्यानंतर ती हिंदुस्थान सरकारकडे गेली. १८१९ साली रास अल्-खैमावर चालून गेलेली मोहीम मुंबईहून निघाली होती. आखातातील मोती मुंबईच्या बाजारात येत आणि आखातात रुपया चाले, तो १९६० च्या दशकापर्यंत. कॉक्स आणि डिक्सन हे दोघेही याच हिंदुस्थानी राज्यकारभाराच्या तालमीतून तयार झालेले. या तालमीने आखलेली पहिली हद्द जमिनीवर नव्हती, पाण्यावर होती. मोती काढण्याच्या हंगामात किनाऱ्यावरील शेखांनी समुद्रात आपसांत लढू नये म्हणून १८३५ साली त्यांच्यात तह घडवून आणण्यात आला, आणि त्याच सुमारास समुद्रात एक काल्पनिक रेषा आखून तिच्या पलीकडे लढाऊ गलबते नेण्यास त्यांना मनाई झाली. जमिनीवर त्यांनी काय करावे याची मुंबईला फिकीर नव्हती. व्यापाराची वाट मोकळी राहिली की झाले. जमिनीकडे लक्ष गेले ते शंभर वर्षांनी.

उकैरच्या रेषेने काय केले? इब्न सौद ज्यावर हक्क सांगत होता तो मोठा टापू इराकला मिळाला. त्याची भरपाई म्हणून कुवेतच्या, १९१३ च्या हिरव्या रेषेतील, सुमारे दोन तृतीयांश मुलूख इब्न सौदला देण्यात आला. ज्याचा मुलूख गेला त्याचा प्रतिनिधी म्हणून बसलेला मेजर मोर हा ब्रिटिशच होता आणि डिक्सनच्या सांगण्याप्रमाणे त्याने फारसे तोंड उघडलेच नाही. परतीच्या वाटेवर कॉक्सने ही वार्ता कुवेतच्या शेखाला सांगितली. आपल्याला न विचारता हे कसे झाले, असे शेख अहमदने विचारले. या वेळी लेखणीपेक्षा तलवारीचा जोर जास्त होता, आपण दिले नसते तर इब्न सौदने ते घेतलेच असते, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. त्यावर शेखाने दुसरा प्रश्न विचारला: उद्या इब्न सौद वारला आणि आपण बलिष्ठ झालो, तर ही अन्याय्य रेषा झुगारून देण्यास ब्रिटिश सरकारची हरकत असेल काय? कॉक्स हसला आणि त्याने शेखाला शुभेच्छा दिल्या. रेषा कायमची असते असे ती आखणाऱ्यालाही तेव्हा वाटत नव्हते, हे या हसण्यावरून कळते.

करारात एक कलम होते. सरहद्दीलगतच्या विहिरी आणि पाणवठे यांवर कोणत्याही सरकारने किल्ले बांधू नयेत किंवा फौज जमवू नये. पाण्याला वाळवंटात काय किंमत असते हे जाणून घातलेले हे शहाणपणाचे कलम. पण ‘लगत’ म्हणजे किती मैल हे कोणी लिहिले नव्हते. १९२७ साली इराकने बुसैय्या येथील विहिरींजवळ पोलिस ठाणे बांधायला घेतले. जागा सरहद्दीपासून बरीच आत होती, म्हणून इराकच्या मते कराराचा भंग नव्हता. परंतु विहिरींवर बंदुका आल्या म्हणजे उद्या आपले उंट तेथे पाणी पिऊ शकणार नाहीत, एवढे मुतैर टोळीला कळत होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात फैसल अद्-दुवीशच्या इख्वानांनी ठाण्यावर छापा घालून तेथील पोलिस व मजूर यांना ठार केले. त्यापाठोपाठ ब्रिटिश विमानांचे बॉम्बहल्ले आणि इख्वानांच्या आणखी धाडी. शेवटी इब्न सौदला आपल्याच योद्ध्यांविरुद्ध शस्त्र उचलावे लागले. १९२९ च्या मार्चमध्ये सबिला येथे त्याने त्यांचा मोड केला. पुढील वर्षाच्या आरंभी दुवीश कुवेतमध्ये ब्रिटिशांच्या हाती सापडला. ज्या तलवारींच्या बळावर इब्न सौदने राज्य मिळविले त्याच तलवारी त्या राज्याला हद्द मिळताच निरुपयोगी, किंबहुना धोकादायक ठरल्या.

याच मुतैर टोळीची दुसरी अडचण वेगळी होती. कागदावर ती नजदची झाली, पण तिचा बाजार कुवेत. तांदूळ, कापड, कॉफी ती तेथूनच नेत असे. हा माल आपल्या बंदरांतून गेला तर त्यावरचा कर आपल्याला मिळेल, म्हणून इब्न सौदने आपल्या टोळ्यांना कुवेतच्या बाजारात जाण्याची बंदी केली. ही नाकेबंदी अनेक वर्षे चालली आणि कुवेतच्या व्यापाऱ्यांना तिने पुरते जेरीस आणले. १९२५ साली नजद आणि इराक यांच्यात बहरा येथे जो करार झाला त्यात एवढे तरी मान्य केले होते की परवान्याशिवाय टोळ्यांनी सरहद्द ओलांडू नये, मात्र चराईसाठी जायचे असेल तर परवाना नाकारू नये. परवाना लिहायचा कोणी, वाचायचा कोणी, आणि पाऊस कोठे पडला ही बातमी येताच रातोरात निघणाऱ्या तांड्याने तो मिळवायचा कधी, हे प्रश्न अर्थातच कागदाबाहेरचे.

तोपर्यंत निदान एक गोष्ट बरी होती. उत्तरेस रेषा होती, पण दक्षिणेस, कतारपासून ओमानपर्यंतच्या विस्तीर्ण प्रदेशात कोणाला रेषेची घाई नव्हती. ती तेलाने आणली. १९३३ साली सौदी अरबस्तानने अमेरिकन कंपनीला मक्ता दिला, १९३४ मध्ये कुवेतने, १९३५ मध्ये कतारने. मक्ता देणाऱ्याचा मुलूख कोठे संपतो हे कंपनीच्या वकिलाला ठाऊक असावे लागते. टोळी जकात कोणाला देते या उत्तरावर विहीर खणण्याची यंत्रे मागवता येत नाहीत. १९३४ साली सौदी अरबस्तानच्या पूर्व सीमेची चौकशी झाली तेव्हा ब्रिटिशांनी दप्तरातून १९१३ ची निळी रेषा बाहेर काढली. जो करार कधी अमलात आला नाही, जो करणारे तुर्की साम्राज्य आता अस्तित्वातच नव्हते, त्यातील रेषा. इब्न सौदने ती झिडकारली यात नवल नाही. १९३५ मध्ये दोन्ही बाजूंनी आपापल्या नव्या रेषा सुचवल्या. त्या जुळल्या नाहीत आणि हे भांडण बुरैमीपर्यंत जाऊन पोहोचले.

बुरैमी हे खजुरीच्या बागांनी वेढलेल्या नऊ खेड्यांचे मरूद्यान. सहा खेडी अबू धाबीकडे, तीन मस्कतच्या सुलतानाकडे. १९५२ च्या ऑगस्टमध्ये सौदी अधिकाऱ्यांनी त्यांपैकी हमासा या खेड्यात तळ ठोकला. प्रकरण लवादाकडे गेले. दोन्ही बाजूंनी छापील खंडच्या खंड सादर केले, आणि त्यांत काय होते? कोणत्या वर्षी कोणत्या टोळीने किती उंटांची जकात कोणाला दिली, याच्या याद्या. विहिरीवर बसून बकऱ्या मोजणाऱ्या कारकुनाचे टिपण आता जिनिव्हात सार्वभौमत्वाचा पुरावा म्हणून वाचले जात होते. १९५५ च्या सप्टेंबरात लाचलुचपतीच्या आरोपांच्या गदारोळात लवाद मोडला. ऑक्टोबरात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील पथकाने सौदी तुकडीला हुसकावून लावले. सौदी अरबस्तान आणि संयुक्त अरब अमिरात यांच्यात याबाबत तह झाला तो १९७४ साली.

अमिरातींच्या आपसांतील हद्दींची कथा तशी लहान. १९५० च्या दशकात ज्युलियन वॉकर नावाचा एक तरुण ब्रिटिश अधिकारी खेडोपाडी, डोंगरदऱ्यांतून हिंडला. तुम्ही कोणाला मानता, जकात कोणाला देता, असे तो वृद्धांना विचारी आणि उत्तरे मिळतील तसा नकाशा रंगवी. पद्धत प्रामाणिक होती. पण माणसांच्या निष्ठा जशा विखुरलेल्या होत्या तसाच नकाशाही विखुरला. मधा हे ओमानचे गाव चहूबाजूंनी अमिरातींच्या मुलखात आणि त्या मधाच्या पोटात नहवा हे शारजाचे. दुबई आणि शारजा यांच्यातील ब्रिटिशांनी दिलेला निवाडा पुन्हा लवादापुढे गेला आणि त्याचा निकाल १९८१ मध्ये लागला. १९७२ साली शारजा आणि फुजैरा यांच्या माणसांत जमिनीच्या एका लहानशा तुकड्यावरून गोळीबार होऊन अनेक माणसे प्राणास मुकली. तेव्हा संयुक्त राज्य स्थापन होऊन जेमतेम काही महिने झाले होते.

आता पुन्हा उत्तरेकडे. इराकला समुद्रापासून तोडण्यासाठी कॉक्सने कुवेतची रेषा मुद्दाम तशी आखली, असा एक समज बराच रूढ आहे. तो तपासून घेतला पाहिजे. कुवेत-इराक हद्द उकैरच्या करारात लिहिलेली नाही. ती १९२३ च्या एप्रिलमध्ये कॉक्सने मोरला लिहिलेल्या एका पत्रात आहे आणि तिचे मूळ १९१३ च्या हिरव्या रेषेत आहे. सफवानच्या विहिरी, सनामचा डोंगर आणि उम्म कस्र ही इराककडे ठेवून त्यांच्या किंचित दक्षिणेने ही रेषा जाते, एवढेच त्यात म्हटले होते. ‘किंचित दक्षिणेने’ म्हणजे किती हे दाखविण्यासाठी सफवानच्या खजुरीच्या झाडांच्या दक्षिणेस, सर्वांत शेवटच्या झाडापासून एक मैलावर, एक पाटी उभारण्यात आली. पाटी कधी कोणी उखडली, पुन्हा कधी कोणी लावली. १९४० मध्ये ती पुन्हा लावली तेव्हा ती आमच्या हद्दीत घुसली आहे अशी इराकची तक्रार. शिवाय खजुरी मरतात आणि नव्या लावल्या जातात. सर्वांत दक्षिणेकडचे झाड १९२३ मध्ये जेथे होते तेथेच ते वीस वर्षांनी असेल असे नाही. दोन राष्ट्रांची सरहद्द एका झाडावर टांगलेली होती.

१९६१ च्या जूनमध्ये कुवेत स्वतंत्र झाले आणि आठवड्याच्या आत इराकच्या कासिमने ते आपलेच असल्याचे जाहीर केले. १९६३ मध्ये इराकने कुवेतला मान्यता दिली, १९९० च्या ऑगस्टमध्ये सद्दाम हुसेनच्या फौजा आत शिरल्या, आणि युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या सीमा आयोगाला हाच जुना कागद पुढ्यात घ्यावा लागला. झाड नव्हते, पाटी नव्हती. आयोगाने सफवानच्या जुन्या जकातघराच्या कुंपणाची भिंत आधाराला घेऊन जुन्या रस्त्याने अंतर मोजले आणि १९९३ मध्ये निर्णय दिला. एका राजकीय प्रतिनिधीने लावलेली पाटी कोठे असावी हे ठरविण्यासाठी मधल्या काळात एक महायुद्ध, एक आक्रमण आणि एक वाळवंटातील युद्ध होऊन गेले होते.

या सर्व पार्श्वभूमीवर त्या दोन कोऱ्या चौकोनांचे काय झाले ते पाहावे. नजद-कुवेत तटस्थ प्रदेशाबद्दल उकैरच्या करारात म्हटले होते की येथे दोघांचे हक्क समान राहतील, आणि पुढे ब्रिटिशांच्या मध्यस्थीने वेगळे काही ठरेपर्यंत ते तसेच राहतील. इराककडच्या चौकोनात दोन्हीकडच्या टोळ्यांनी चारावे, पाणी प्यावे, कोणी पक्के ठाणे बांधू नये. हे शब्द वाचले की लक्षात येते की वाळवंटाचा जुना रिवाजच येथे करारात उतरला होता. रेषा आखणाऱ्याला जेथे उत्तर सापडले नाही तेथे त्याने ते न शोधता सोडून दिले आणि बुसैय्यासारखे रक्त या दोन चौकोनांत सांडले नाही.

कोऱ्या जागेत तेल निघाले की भांडण होणारच, असे कोणालाही वाटेल. १९४८ मध्ये कुवेतने आणि १९४९ मध्ये सौदी अरबस्तानने या एकाच भूमीत दोन निरनिराळ्या अमेरिकन कंपन्यांना मक्ता दिला. १९५३ मध्ये वफ्रा येथे तेल लागले. १९६० मध्ये समुद्रात खफजी येथे एका जपानी कंपनीला तेल मिळाले. तिच्याकडे दोन्ही राज्यांचा मक्ता होता. एकाच जमिनीत दोन सार्वभौम सत्ता, दोन मक्तेदार, आणि उत्पन्न निम्मे-निम्मे. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पंडितांनी या व्यवस्थेवर प्रबंध लिहिले. कंपन्यांच्या हिशेबनिसांना मात्र ती फारशी अवघड गेली नाही. अर्धे म्हणजे अर्धे.

तरीही राज्यांना कोरी जागा सहन होत नाही. पोलिस कोणाचे, परवाने कोणाचे, कामगारांना लागू कायदा कोणता, असे प्रश्न येऊ लागले. १९६५ मध्ये सौदी अरबस्तान आणि कुवेत यांनी आपला चौकोन वाटून घेण्याचे ठरविले आणि १९७० च्या सुमारास मधोमध रेषा पडली. तेल मात्र पूर्वीप्रमाणेच सामाईक ठेवले. इराककडचा चौकोनही १९७५ आणि १९८१ च्या करारांनी दुभागला गेला. नकाशे एकदाचे स्वच्छ झाले.

जेथे रेषा पडली तेथेच पुढे कुरबुर झाली. रेषेच्या उत्तरेकडील वफ्राच्या तेलाबाबतचा शेव्हरॉन कंपनीचा मक्ता सौदी सरकारने आपल्याला न विचारता वाढवून दिला, अशी कुवेतची तक्रार होती. २०१४ च्या ऑक्टोबरात खफजीचे उत्पादन थांबले, २०१५ च्या मे महिन्यात वफ्राचे. सुमारे पाच वर्षे दोन्ही ठिकाणच्या विहिरी बंद होत्या. कामगार आणि यंत्रे जागेवर, तेल जमिनीत. २४ डिसेंबर २०१९ रोजी दोन्ही सरकारांनी नव्या करारावर सह्या केल्या आणि २०२० मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाले. त्या करारानंतरही रेषेच्या दोन्ही बाजूंना निघणाऱ्या तेलाची वाटणी उकैरच्या कागदात लिहिल्याप्रमाणेच, समसमान हक्काने होते.